बाळकडू

(स्मृती व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत बोलायचं निमंत्रण आलं तेव्हा संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, "एक चिमुकला पक्षी आणि एक कोआला." पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते चाचरत म्हणाले, "मॅडम, पत्रिकेत छापता येईल असं काही सांगा ना." म्हणून तुमच्या हातातल्या पत्रिकेवर 'निसर्गातील वारसा : एक चिंतन' असं भारदस्त शीर्षक आहे. ते विसरून जा. विषय पक्षी आणि कोआला हाच आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, त्या बाईंनी आम्हाला इथं चंद्रपुरात आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी काहीही छातीठोकपणे सांगितलं की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि विचारायच्या, "तू पाहिलंस, की कुणी सांगितलं?" घुबड ओरडलं की घरात कुणीतरी जातं, असं एक मुलगा म्हणाला, तेव्हाही हाच प्रश्न. दोन्ही उत्तरं त्यांना चालायची. कुणी सांगितलेलं म्हणजे खोटं, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पण आपलं उत्तर यातलं कुठलं आहे, ते मात्र सांगावं लागायचं. आजही मी तो नियम पाळणार आहे. आधी पाहिलेलं सांगते, मग ऐकलेलं.

लेकीकडे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळ जिलाँगला, मी तीन महिने होते. पहिल्याच आठवड्यात सकाळी बाहेरून टकटक ऐकू आली. जावयाच्या गाडीच्या बाजूच्या आरशावर एक पक्षी चोची मारत होता. आपल्या शिंपी पक्ष्याएवढा, शेपूटही तसंच उभं. रंग मात्र असा की मी चहा हातात धरून उभीच राहिले. डोक्यावर आणि गालांवर झळझळीत आकाशी निळा, गळा काळाभोर. आरशातला नर आपल्या हद्दीत घुसलाय, या समजुतीनं स्वारी त्याच्याशी भांडत होती. दमला की आरशाच्या वरच्या कडेवर बसायचा, आतला गेला का म्हणून वाकून बघायचा, आणि तो तिथंच आहे म्हटल्यावर पुन्हा सुरू. गाडीच्या दारावर शिटेचे पांढरे ओघळ. खाली गवतात त्याची तपकिरी मादी किडे टिपत होती. तिनं एकदाही मान वर केली नाही. जावयानं शेवटी दोन्ही आरशांवर जुने मोजे चढवले. याचं नाव सुपर्ब फेअरी-रेन. वजन साधारण दहा ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या भाषेत एक तोळा.

मग एका रविवारी आम्ही ओटवे भूशिराकडे गेलो. तिथं रस्त्याकडेला माणसं माना वर करून उभी दिसली की समजायचं, कोआला आहे. निलगिरीच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात एक राखाडी गाठोडं बसलं होतं. पाऊण तासात त्याचा एक कान हलला आणि एकदा त्यानं मांडी खाजवली, तीही मधेच विसरल्यासारखी सोडून दिली. आम्ही निघणार इतक्यात पलीकडच्या झाडावरून आवाज आला. कुणीतरी जुन्या मोटरसायकलला किक मारतंय आणि ती सुरू होता होता बंद पडतेय, असा. तो दुसऱ्या नराचा आवाज होता.

पाहिलेलं इतकंच. इथून पुढचं सगळं सांगितलेलं. पण ज्यांनी सांगितलं त्यांनी वर्षानुवर्षं पाहून सांगितलं आहे.

या दोघांचं ऑस्ट्रेलियाशी नातं अगदी उलटं आहे. आपल्याला वाटतं, पोटाशी पिशवी असलेले प्राणी तिथलेच. पाठ्यपुस्तकात त्यांना शिशुधान प्राणी म्हणतात. पण त्यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून आले. तेव्हा अंटार्क्टिकावर बर्फ नव्हतं, जंगल होतं, आणि ते खंड एकमेकांना चिकटलेले होते. अंटार्क्टिकाच्या एका बेटावर या प्राण्यांचे जीवाश्म सापडलेत. चिलीच्या जंगलात आजही उंदराएवढा एक पिशवीवाला प्राणी आहे. त्याची जवळची भावकी अमेरिकेत नाही, ऑस्ट्रेलियात आहे. गाणाऱ्या पक्ष्यांचं याच्या नेमकं उलट. ते युरोप-आशियातून ऑस्ट्रेलियात गेले असतील, असं पक्षिशास्त्रज्ञ फार काळ धरून चालले होते. १९८० च्या दशकात चार्ल्स सिब्ली आणि जॉन ॲल्क्विस्ट यांनी डीएनएची तुलना केली, आणि एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतरांच्या कामातून चित्र पक्कं झालं : गाणारे पक्षी मुळात ऑस्ट्रेलियाकडचे, तिथून जगभर पसरलेले. आज जगातल्या पक्ष्यांच्या जातींपैकी जवळपास निम्म्या याच घराण्यातल्या. सकाळी तुमच्या कुंपणावर शीळ घालणारा दयाळ, बुलबुल, शिंपी आणि हो, काव काव करणारा कावळासुद्धा. त्या सगळ्यांचं आजोळ तिकडचं.

आणि त्या जोडलेल्या महाखंडाला जगभरचे भूशास्त्रज्ञ ज्या नावानं ओळखतात, ते नाव आपल्याकडचं आहे : गोंडवन. आपल्या पायाखालचा, इथल्या खाणींतला कोळसा त्याच गोंडवनातल्या खडकांतला. तेव्हा चंद्रपूरकरांनी ऑस्ट्रेलियाला अगदीच परका मुलूख समजू नये.

असो. एक आला आणि राहिला, दुसऱ्याची भावकी तिथून निघून जगभर गेली. पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. या दोघांच्या आया आपल्या पिल्लांना असं काहीतरी देतात, जे रक्तातून येत नाही.

आधी पक्षी. फेअरी-रेनची मादी घुमटासारखं घरटं बांधते, बहुधा तीन अंडी घालते आणि सुमारे चौदा दिवस एकटीच उबवते. ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या सोनिया क्लाइनडॉर्फर आणि डायान कोलोम्बेली-नेग्रेल यांच्या गटानं घरट्यांखाली ध्वनिमुद्रक ठेवले होते. त्यात एक विचित्र गोष्ट ऐकू आली. अंड्यांवर बसलेली आई हळू आवाजात काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होती. घरट्यात ऐकणारं कुणीच नाही, फक्त अंडी. उबवणीच्या साधारण दहाव्या दिवसापासून पिल्लं बाहेर येईपर्यंत हे चालायचं. मग पिल्लं बाहेर आली आणि भूक लागल्यावर ओरडू लागली, तेव्हा त्यांच्या ओरडण्यात आईच्या त्या हाकेतला एक सूर जसाच्या तसा होता. हा सूर प्रत्येक मादीचा निराळा. संशोधकांनी अंड्यांची अदलाबदल करून पाहिली. या घरट्यातली अंडी त्या घरट्यात, तिथली इथं. बाहेर आलेल्या पिल्लांनी जन्मदात्या आईचा सूर लावला नाही. ज्या आईनं उबवलं तिचा लावला. म्हणजे सूर रक्तातून आला नव्हता, कवचातून ऐकून आला होता. हे काम २०१२ साली प्रसिद्ध झालं.

तुम्हाला अभिमन्यू आठवला असणार, मलाही आठवला. पण तिथं सांगणारा अर्जुन, आणि ऐकता ऐकता सुभद्रेला डोळा लागला. पुढचं सगळं महाभारत त्या डुलकीपायी. इथं सांगणारी आईच आहे आणि तिला डुलकी परवडत नाही. उद्या गर्भसंस्काराच्या एखाद्या जाहिरातीत हा निळा पक्षी छापलेला दिसला, तर त्याचं खापर माझ्यावर फोडू नका. माणसाच्या पोटातल्या बाळाला संस्कृत श्लोक ऐकवले की ते हुशार होतं, असं या पक्ष्यानं कुठंही म्हटलेलं नाही.

मग ही मेहनत कशासाठी? कोकिळेसाठी. आपल्याकडे कोकिळा कावळ्याला फसवते, तसे तिथं कोकिळकुळातले 'ब्राँझ-कुकू' या रेनच्या घरट्यात अंडं घालतात. त्यांचं पिल्लू बाराव्या दिवशीच अंड्यातून बाहेर येतं आणि डोळे उघडायच्या आत बाकीची अंडी पाठीनं ढकलून बाहेर टाकतं. आता हिशेब बघा. आईची शिकवणी दहाव्या दिवशी सुरू होते. घरच्या पिल्लांना चार-पाच दिवस मिळतात, पाहुण्याला जेमतेम दोन. अभ्यास कच्चा राहतो, सूर चुकतो. आणि सूर चुकला की आईबाप चारा द्यायचं थांबवून घरटं सोडून जाऊ शकतात. कॅनबेरा परिसरात नेओमी लँगमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं होतं की हॉर्सफील्ड्स ब्राँझ-कुकूचं पिल्लू घरट्यात असेल, तर रेन सुमारे ४० टक्के वेळा असं सोडून जातात. म्हणजे साठ टक्के वेळा फसतातही. निसर्गातलं कुलूप कधी शंभर टक्के नसतं. पण कुलूप आहे, आणि त्याची किल्ली आई अंड्यातच हातात देते. आरशातल्या नराशी झुंजणाऱ्या आपल्या त्या वीराला हा सूर माहीत असतो का? असतो. मादी घरट्याबाहेर त्यालाही तो शिकवते. हो, आणि जनुकीय चाचण्या सांगतात की त्याच्या घरट्यातल्या बहुतेक पिल्लांचा बाप शेजारचा असतो. आरशातल्या नरावर एवढा राग का, ते आता कळलं असेल.

आता कोआला. पस्तीस दिवसांनी जे जन्मतं ते भुईमुगाच्या दाण्याएवढं असतं. वजन सुमारे अर्धा ग्रॅम. डोळे नाहीत, कान नाहीत, मागचे पाय नावापुरते. ते पुढच्या हातांनी आईच्या अंगावरची लव धरत स्वतः पिशवीपर्यंत जातं आणि आत आचळाला चिकटतं ते सहा महिने. तोवर सगळं दुधावर. पण पुढचं सगळं आयुष्य त्याला ज्या एका गोष्टीवर काढायचं आहे, ती म्हणजे निलगिरीचं पान.

निलगिरी आपल्याला काही नवी नाही. सामाजिक वनीकरणात ती ठिकठिकाणी लागली. सर्दी झाली की रुमालावर तिचे दोन थेंब. पण तिचा पाला गुरं खात नाहीत; काहीही चघळणारी शेळीसुद्धा तोंड फिरवते. त्या पानात तेलं, टॅनिन, विषारी रसायनं. तंतू भरपूर, प्रथिनं जेमतेम. कोआला हे पान रोज अर्धा किलो किंवा जास्तही खातो आणि दिवसाचे अठरा-वीस तास झोपून ते पचवतो. हे जमतं कसं? अर्धं उत्तर रक्तात आहे. २०१८ साली कोआलाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा विष निकामी करणाऱ्या यकृतातल्या जनुकांची त्याच्याकडे मोठी फौज दिसली. उरलेलं अर्धं उत्तर आतड्यात आहे. त्याचं अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची बंद पिशवी, जवळपास दोन मीटर लांब असतं, आणि त्यात राहणारे जिवाणू पानाचं काम तमाम करतात. टॅनिन प्रथिनाला घट्ट मिठी मारून बसतं. ती मिठी सोडवणारे जिवाणूही त्यांत आहेत.

हे जिवाणू पिल्लाला जन्मतः मिळत नाहीत. पिल्लू सहा महिन्यांचं झालं की आई एक निराळाच पदार्थ बाहेर टाकू लागते. नेहमीची कोरडी लेंडी नव्हे, अंधांत्रातून आलेलं मऊ, पातळसर, जिवाणूंनी भरलेलं काहीतरी. इंग्रजीत त्याला 'पॅप' म्हणतात. कोआलाच्या पिशवीचं तोंड खालच्या बाजूला असतं. पिल्लू तिथून डोकं बाहेर काढतं आणि ते चाटून घेतं. ऐकून तोंड वाकडं करू नका. आपल्या भाषेत याला फार सुंदर शब्द आहे : बाळकडू. कडवट असतं, आईच्या हातून मिळतं, आणि पुढं जन्मभर पुरतं. आपण म्हणतो ना, त्याला संगीताचं बाळकडू घरातच मिळालं? कोआलाला निलगिरीचं बाळकडू घरातच मिळतं, आणि तेही अक्षरशः.

आता दोघांना शेजारी ठेवा. कोआलाच्या नराचा आवाज त्याच्या आकाराच्या मानानं कितीतरी खालच्या पट्टीतला असतो. २०१३ साली संशोधकांना त्याच्या घशात, नेहमीच्या स्वरयंत्राच्या बाहेर, स्वरतंतूंची एक जादा जोडी सापडली. हा आवाज शरीरातच बांधून मिळालेला. पण जेवण? ते आईनं द्यावं लागतं. पक्ष्याचं उलट. किडे पचवायला त्याला कुणाची शिकवणी लागत नाही, पण भूक लागल्यावर ओरडायचं कसं, हे आईनं सांगावं लागतं. एकाला आवाज फुकट आणि अन्न शिकावं लागतं; दुसऱ्याला अन्न फुकट आणि आवाज शिकावा लागतो. दोघांच्या बाबतीत देण्याची वेळ ठरलेली, आणि ती छोटी.

ही साखळी तुटली तर काय होतं, हेही ऑस्ट्रेलियात पाहायला मिळालं.

मी ज्या ओटवेच्या जंगलात उभी होते, तिथं २०१३ च्या सुमाराला कोआला बेसुमार वाढले होते. निलगिरीच्या शेकडो जाती आहेत. तिथल्या कोआलांची आवडती जात मॅना गम. त्यांनी ती झाडं ओरबाडून उघडी केली. झाडं वाळली, कोआला उपाशी मरू लागले. त्यातल्या सुमारे सत्तर टक्क्यांचा बळी त्या उपासमारीनं घेतला. खंगलेल्या सुमारे ७०० जणांना सरकारी पशुवैद्यांनी शेवटी शांतपणे मरण दिलं. आणि हे सगळं चालू असताना त्याच जंगलात मेसमेट नावाची दुसरी निलगिरी हिरवीगार उभी होती! इतर काही कोआला तीच खाऊन सुखात जगत होते. पण मॅना गमवर वाढलेले कित्येक जण पोट पाठीला लागलं तरी तिला तोंड लावेनात.

क्वीन्सलंड विद्यापीठाच्या मिखेला ब्लायटन आणि सहकाऱ्यांनी विचार केला, की ही खोड जिभेची नसून आतड्याची असेल तर? त्यांनी मेसमेट खाणाऱ्या कोआलांच्या लेंड्यांतले जिवाणू कॅप्सूलमध्ये भरून मॅना गमवाल्यांना दिले. २०१९ साली निष्कर्ष आले. आतड्यातली वस्ती बदलली, आणि ज्यांच्यात ती जास्त बदलली, त्यांनी मेसमेट जास्त खाल्लं. म्हणजे आईनं दिलेल्या बाळकडूनं त्यांना वाढवलं होतं, आणि जंगल बदलल्यावर त्याच बाळकडूनं त्यांना उपाशीही ठेवलं होतं. वारशाला ही दुसरी बाजू असते. आपण त्याचे गोडवे गाताना ती सहसा झाकून ठेवतो. आजारी कोआलाला प्रतिजैविकं देतानाही डॉक्टरांना हीच भीती असते : रोगजंतूंबरोबर बाळकडूही मरायचं, आणि बरा झालेला प्राणी भरल्या झाडावर उपाशी.

पक्ष्यांकडेही असंच एक प्रकरण घडलं, फक्त पक्षी वेगळा. रीजंट हनीइटर, काळापिवळा, देखणा. पूर्वी त्याचे शेकड्यांनी थवे असायचे. आता जंगलात तीनशेच्या आत उरलेत. त्याची पिल्लं घरटं सोडल्यावर आसपासच्या मोठ्या नरांकडून गाणं शिकतात. पण मोठे नर आहेत कुठं? कित्येक मैलांत एखादा. २०२१ साली रॉस क्रेट्स आणि सहकाऱ्यांनी सांगितलं की सुमारे १२ टक्के नर आपल्या जातीचं गाणंच गात नव्हते. जवळ जे कुणी गात होते त्या परक्या पक्ष्यांची गाणी उचलून गात होते. पंख ठीक, चोच ठीक, आवाजही ठीक. पण अशा नरांना माद्या जोडीदार म्हणून फारशा पत्करत नव्हत्या. मग सिडनीच्या टारोंगा प्राणिसंग्रहालयात वाढवलेल्या पिल्लांना जंगलातल्या गाण्याचं ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं, पुढं जंगलात जन्मलेले नर गुरू म्हणून शेजारी ठेवले गेले.

एकाला कॅप्सूल, दुसऱ्याला ध्वनिफीत. साखळी तुटली की मधल्या कडीच्या जागी माणसाला हात घालावा लागतो, आणि तो हात आईएवढा सराईत कधीच नसतो. ताडोबाच्या दारात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको. आई गेलेला वाघाचा बछडा पिंजऱ्यात मांस टाकून पूर्ण वाढवता येतो. पुन्हा जंगलात सोडायची वेळ आली की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण पट्टे त्याला जन्मतः मिळालेत, शिकार नाही.

म्हणून आजच्या व्याख्यानाचा मथितार्थ विचाराल, तर तो असा. आपण डोकी मोजतो. किती वाघ, किती माळढोक, किती कोआला. २०२२ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियानं आपल्या पूर्वेकडच्या भागातला कोआला 'संकटग्रस्त' ठरवला तोही डोकी मोजूनच, आणि ते मोजायलाच हवं. पण डोक्यांबरोबर देवघेवही मोजायला हवी. कुणाकडून कुणाकडे काय जातंय? देणारे आणि घेणारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत का? आणि जे दिलं जातंय ते उद्याच्या जंगलात चालणार आहे का? ही मोजणी अवघड आहे. तिला कॅमेरा पुरत नाही. घरट्याखाली कान लावून बसावं लागतं.

शेवटची एक गोष्ट सांगते आणि थांबते. ती मात्र पाहिलेल्यातली आहे.

ओटवेहून परतताना गाडीत माझा सात वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, तुला माहितीये? कोआला कायम नशेत असतो. त्या पानांनी त्याला चढते." हे त्या देशात पुष्कळ जण सांगतात. खरं तर पानात सत्त्व कमी आणि पचवायचा खर्च मोठा, म्हणून तो झोपतो. नशाबिशा काही नसते. मी हे समजावून सांगायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं की बोलण्याआधी माझा हात चष्म्याकडे गेलाय. चष्मा काढून मी मांडीवर ठेवला आणि विचारलं, "तू पाहिलंस, की कुणी सांगितलं?"

तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "झोपलेला मी पाहिला. नशेतला कुणीतरी सांगितला."

बाईंना त्यानं कधी पाहिलेलं नाही.